माझी सोडून

२ फेब्रुवारी

चिमे,

अक्षर ओळखलं असशील. हात जरा कापतो, त्यामुळे ओळ शेवटाशी खाली उतरते. एरवी फारसं काही बदललेलं नाही. अकरा वर्षांनी तुला पत्र लिहायला बसलो, तर सुरुवात कुठून करावी तेच सुचेना. दोन कागद फाडले. शेवटी म्हटलं, तिसरीच्या पुस्तकातल्या चिमणीपासून करावी.

तुला आठवते ती कविता? आधी मी म्हणायचो, मग चार वर्षांनी त्याच पुस्तकातून, माझ्या शाईच्या डागांसकट, तू म्हणायला लागलीस. शाळेत मास्तर टेबलावर पट्टीने ताल धरायचे आणि घरी तू दारापाशी उभी राहून डोळे मिटून म्हणायचीस. तिसऱ्या कडव्याशी आलीस की अडायचीस आणि न लाजता पुन्हा दुसरंच सुरू करायचीस. त्यामुळे आपल्या घरातली चिमणी काडी घेऊन निघायची खरी, पण घरट्यात कधी पोचलीच नाही. आई म्हणायची, "अगं, तिला एकदा तरी घरी जाऊ दे."

पुढे मी छापखान्यात जुळारी म्हणून लागलो, तेव्हा त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती माझ्या हातून जुळली. लोकांना कविता तोंडपाठ असतात, मला ती बोटपाठ आहे. शिशाचा एकेक खिळा खणातून उचलून ओळीत लावायचा, तोही आरशातल्यासारख्या उलट्या अक्षराचा. अजून कधी दुपारी डोळा लागता लागता बोटं आपोआप हलतात आणि मला कळतं, दुसरं कडवं चाललंय.

इकडची बातमी म्हणजे आमची पतसंस्था बंद पडली. एका गुरुवारी दाराला कुलूप आणि कुलपाच्या वर कागद. सगळ्यांच्या ठेवी बुडाल्या. ट्रेडलचीही बुडाली. ट्रेडल म्हणजे आमच्या छापखान्यातला मशीनमन. चालताना त्याचा एक पाय पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्रासारखा ठोका देतो, म्हणून ते नाव पडलं. तीस वर्षं मी जुळवलं ते त्याने छापलं, आणि रविवारी चर्चमध्ये आम्ही एकाच बाकावर बसत आलो. परवा तो कुलपासमोर उभा राहून कागद वाचत होता. चार ओळींचा कागद, पण तो वाचतच होता.

मी शांत आहे. देवावर भरवसा ठेवला की माणूस शांत राहतो.

मेहुणे गेले तेव्हा मी कार्ड पाठवलं होतं. पोचलं असेलच.

तुझा दादा


१९ फेब्रुवारी

चिमे,

मनीऑर्डर पोचली.

पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "काका, नशीबवान आहात. हल्ली मनीऑर्डर कोण पाठवतं?"

मी म्हटलं, "बहीण."

"थोरली?"

"धाकटी."

"मग उलटंच झालं की," तो म्हणाला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. सही करताना माझी ओळ नेहमीपेक्षा जास्त उतरली. तो म्हणाला, "काका, सही पार कागदाबाहेर चालली."

तू पैसे पाठवशील असं मला वाटलं नव्हतं. तुझ्या कारखान्यात एक कॉलर शिवायला काय मिळतं ते मला माहीत आहे. इथल्या शिवणकामवाल्या बायकांना मी विचारलं. इतक्या कॉलरी म्हणजे किती दिवस, हा हिशेब मी सुरू केला आणि मधेच सोडून दिला.

खालच्या चिठोऱ्यावर तू लिहिलं आहेस: "दादा, देवावर भरवसा ठेव. आणि पोटभर जेव." अकरा वर्षांनी तू मला दादा म्हटलंस. ते चिठोरं मी गीतांच्या पुस्तकात ठेवलं आहे. पैसेही तिथेच आहेत, तसेच, घडी न मोडता.

गेले चार रविवार मी चर्चला गेलो नाही. पाळकांना निरोप धाडला की गुडघे धरलेत. आमचे पाळक तरुण आहेत, मनाने फार चांगले. दुसऱ्याच दिवशी घरी आले. मी पुढे केलेल्या खुर्चीवर न बसता नेमके माझ्या जुन्या लाकडी पेटीवर बसले. छापखाना मोडला तेव्हा मी एवढीच एक वस्तू विकत घेतली होती, खिळे ठेवायची पेटी. मी म्हटलं, "तिथे नको, इथे बसा." ते म्हणाले, "इथेच बरं आहे, काका. भक्कम आहे." मग त्यांनी माझ्या दोन्ही गुडघ्यांसाठी प्रार्थना केली, डाव्यासाठी वेगळी आणि उजव्यासाठी वेगळी. मला डोळे मिटवेनात. मी पेटीच्या कडीकडे बघत होतो.

जाताना त्यांनी विचारलं, "दाराला नवं कुलूप लावलंत?"

मी म्हटलं, "जुनं गंजलं होतं."

प्रूफं वाचायचं काम अजून येतं, महिन्याचा पाव आणि चहा त्यात भागतो. घर सोडून मात्र फारसं जाता येत नाही. पावाच्या दुकानाकडे निघालो तरी अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. वय झालं, दुसरं काय.

पुन्हा पैसे पाठवू नकोस.

तुझा दादा


५ मार्च

चिमे,

तू पुन्हा पाठवलेस. या वेळी चिठोऱ्यावर फक्त "जेवतोस ना?" एवढंच आहे.

आज तुला एक जुनी गोष्ट सांगतो. बाबांचं काम सुटलं होतं त्या थंडीत आपल्या घरी एकदा एक मोठा पाव आला होता. कोणी दिला ते आठवत नाही. आईने त्याचे तीन दिवस पुरतील असे भाग केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला एक भाग गायब. तू सहा वर्षांची होतीस. तू म्हणालीस उंदीर, आई म्हणाली उंदीर, मीही म्हणालो उंदीर. तू दोरी आणि डबा घेऊन सापळा केलास आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्याशी बसून राहिलीस. मी विचारलं, "सापडला तर काय करशील?" तू म्हणालीस, "विचारीन, तुला लहान बहीण नाही का?"

तो उंदीर मी होतो. पाव माझ्या दप्तरात होता, पाटीखाली. मी तो खाल्लाही नाही गं, तेच तर सांगायचंय. मी तो उद्यासाठी ठेवला होता. उद्या आला की वाटायचं, परवा असेल तर? पाचव्या दिवशी काढला तर हिरवा झालेला. शाळेमागच्या नाल्यात टाकला आणि घरी येऊन तुझ्याबरोबर सापळ्याशी बसलो.

माझ्या आयुष्यातली ही पहिली ठेव.

दुसरी तुला माहीत आहे, निदान मला तसं वाटतं. अकरा वर्षांपूर्वी तुझं पत्र आलं. मेहुण्यांची छाती भरते, खोलीला ओल आहे, भिंतीला बुरशी धरलीय, डॉक्टर म्हणतात कोरड्या जागी हलवा, आणि कोरड्या जागेचा मालक वर्षाचं भाडं आगाऊ मागतो. तू पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतंस. शेवटी लिहिलं होतंस, "नसेल तर नाही म्हण, मी रागावणार नाही."

मी पोस्टकार्ड लिहिलं: "माझ्याजवळ काही नाही. देवावर भरवसा ठेव." चांगल्या वळणदार अक्षरात. ते खिशात घातलं आणि पतसंस्थेत गेलो. त्याच दुपारी सात वर्षांच्या मुदतीची ठेव ठेवली. पावती त्याच खिशात घातली. पोस्टाची पेटी संस्थेच्या पायऱ्यांशीच आहे. पेटीत टाकायला कार्ड काढलं तर आधी हाताला पावती लागली. क्षणभर दोन्ही हातात होती. मग कार्ड टाकलं.

तुझं उत्तर आलं ते मला पाठ आहे. "दादा, भरवसा मी ठेवते. ठेव तू ठेव." तुला कसं कळलं? का कळलं नव्हतंच आणि तो नुसता शब्दाचा खेळ होता? आपण दोघं लहानपणी शब्दांशी खेळायचोच. मला विचारायचा धीर झाला नाही, म्हणून मी रागावलो. रागावणं सोपं होतं.

सात वर्षांनी मुदत भरली, तेव्हा मेहुणे होते. त्याच ओल्या खोलीत होते. मी मुदत वाढवून घेतली.

ते गेल्यावर पाठवलेल्या कार्डावरही मी तेच, देवावर भरवसा ठेव, लिहिलं होतं ते मला आठवतंय. तुलाही आठवत असणार. आता दुसऱ्या मनीऑर्डरीनंतर ते सारखं आठवतं.

आणखीही लिहायचं आहे. आज नाही लिहवत.


६ मार्च

चिमे,

आजच लिहितो, नाहीतर हेही उद्यावर जाईल.

मी पत्र आधी कच्चं लिहितो, मग पक्कं. दोन फेब्रुवारीच्या कच्च्या कागदावर एक ओळ अशी होती: "सगळ्यांच्या ठेवी बुडाल्या, माझी सोडून." पक्कं करताना शेवटचे दोन शब्द मी गाळले. ओळीत स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम टाकला.

छापखान्यात याला मजकूर गळणं म्हणतात. एक ओळ सुटते, कधी एक शब्द सुटतो, आणि वाक्य तरीही बरोबर वाटतं, म्हणून ते सापडत नाही. प्रूफ वाचणारा मूळ कागद शेजारी ठेवून बघतो तेव्हाच कळतं. चाळीस वर्षांत माझ्या हातून पुष्कळ मजकूर गळला, पण जाणून गाळलेला हा पहिलाच.

झालं असं. संस्थेत एक कारकून मुलगी आहे. तिची लग्नपत्रिका मी जुळवली होती, नावातला एक कठीण जोडाक्षराचा खिळा दुसऱ्या छापखान्यातून मागून आणून. ती ते विसरली नाही. जानेवारीत ती मला वाटेत भेटली आणि चालता चालताच म्हणाली, "काका, मुदत भरायची वाट बघू नका. या आठवड्यात काढून घ्या. आणि कुणाला बोलू नका, माझी नोकरी जाईल." दुसऱ्या दिवशी मी सगळं काढलं. व्याज सोडलं, पण मुद्दल आलं. त्यानंतर नऊ दिवसांनी दाराला कुलूप पडलं.

नऊ दिवस मी कुणाला बोललो नाही. पोरीची नोकरी जाईल, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खरंही होतं, म्हणून तर सोयीचं होतं. ट्रेडलला मी नुसतं "काढून घे" म्हटलं असतं तर त्याने कारण विचारलं नसतं. त्या संस्थेत पैसे ठेव असं त्याला मीच सांगितलं होतं, आणि तेव्हाही त्याने कारण विचारलं नव्हतं.

पैसे त्या पेटीत आहेत. पाळक त्यांच्यावर बसून माझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करत होते. गुडघे ठणठणीत आहेत.

आता ऐक, कसं असतं ते. चहा ठेवला की दाराला कडी घालतो. जिन्यावर पाऊल वाजलं की मोजतो, वर गेलं की इथेच थांबलं. प्रार्थनेला बसतो तर ओठ प्रार्थना करतात आणि कान दाराशी असतात. दुसऱ्या बँकेत टाकावं म्हटलं तर ती बुडेल असं वाटतं. घरात ठेवावं तर जाईल असं वाटतं. नव्हते तेव्हा काळजी होती आणि आहेत तेव्हाही आहे. मग पैशाने नेमकं काय केलं, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. प्रभूने काहीच साठवून न ठेवणाऱ्या पाखरांकडे बोट दाखवलं ते माणसांनी वर बघावं म्हणून. मी जन्मभर चिमणीची कविता म्हणत आलो आणि वर बघितलं ते छप्पर कुठे गळतंय का ते पाहायला.

ते दोन शब्द का गाळले, हे तू विचारशील. मला वाटलं, बुडालेल्या भावाला बहीण एखादं पत्र तरी लिहील. वाचलेल्याला कशाला लिहील? मला पत्र हवं होतं. कॉलरी शिवून जमवलेले पैसे नको होते. पण आले तेव्हा मी सही केली, आणि महिनाभर तुला उपाशी भावाची काळजी करू दिली.

सही करायचीही लाज वाटते.


१७ मार्च

चिमे,

तुझं काही आलं नाही. येईल असं मीही धरलं नव्हतं. पोस्टमन जिना चढतो तेव्हा मात्र अजून उठून उभा राहतो.

मी परवा ट्रेडलकडे गेलो. पैसे पावाच्या पिशवीत घातले, वर खरोखरच एक पाव ठेवला. इतके दिवस त्यांच्यापासून हललो नव्हतो, त्या दिवशी तेच घेऊन रस्त्याने चाललो तेव्हा कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

ट्रेडलची बायको बाहेर गेली होती. तो खिडकीशी बसून बूट शिवत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्याने सुई खाली ठेवली नाही.

"किती दिवस आधी माहीत होतं?"

"नऊ."

"म्हणजे मधे एक रविवार आला."

"आला."

"माझ्या शेजारी बसला होतास."

"होतो."

"गीतं म्हटलीस?"

"म्हटली."

"सगळी कडवी?"

मी मान हलवली. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं त्या दिवशी, जुळारी आज फार मोठ्याने गातोय. म्हटलं, चला, कशाने का होईना, खुशीत आहे."

मी पिशवीतून पैसे काढून त्याच्यापुढे धरले. म्हटलं, "यात अर्धे आहेत. माझ्याजवळचे अर्धे. तुझे बुडाले तेवढे नाहीत, पण घे."

माझ्या मनात काय होतं ते तुला सांगतो. मला वाटत होतं, तो नको म्हणेल. मग मी आग्रह करीन. मग आम्ही दोघं रडू, आणि तो पिशवीतला पाव मोडून मला अर्धा देईल. शाळेच्या पुस्तकात असं व्हायचं.

तो म्हणाला, "तिथे ठेव." स्टुलाकडे बोट दाखवलं. मी ठेवले. "पावही ठेव," तो म्हणाला. मी ठेवला.

"आता जा."

"ट्रेडल..."

"जा म्हटलं ना. बायको येईल. तिच्यासमोर तुला काही बोललो तर उगाच आठवडाभर तीच माझ्याशी भांडेल. जा."

मी आलो. त्याने पैसे घेतले याचं मला वाईट वाटलं, बघ. घ्यायलाच हवे होते, त्याचा हक्कच होता, मी त्यासाठीच गेलो होतो. तरी जिना उतरताना मी दोनदा मागे वळून बघितलं. भीती गेली असं लिहिलं तर तो पुन्हा गाळलेला मजकूर होईल. ती थोडीही गेलेली नाही. उलट आता ती म्हणते, बघ, अर्धे गेले.

या पत्राबरोबर तुला मनीऑर्डर करतो आहे. त्यात तुझे दोन महिन्यांचे पैसे आहेत आणि कोरड्या खोलीचं वर्षाचं आगाऊ भाडं आहे. अकरा वर्षांनी. आजच्या दराने आहे, इथल्या घरमालकाला विचारून काढलं. हे कुणासाठी मागितलं होतंस ते मला ठाऊक आहे आणि ते आता नाहीत हेही. तरी तू त्या ओलीतून नीघ. माझी काळजी करू नकोस, माझ्यापुरतं मी बघेन.

तुझा भाऊ


३० मार्च

चिमे,

तुझं पत्र आलं. वर मायना नाही. दादा नाही. पाच ओळी आहेत.

"पैसे पोचले. शेजारच्या खोलीत बाळंतीण आहे, तिच्या भिंतीलाही तीच ओल आहे. तिला कोरडी जागा पाहून दिली, शुक्रवारी ती गेली. मी इथेच राहणार, हे इथेच गेले. तुझ्याजवळ आता काही उरलं नसेल तर ये, उरलं असेल तर तिथेच रहा."

वाचून आधी माझे पैसे, असं वाटलं. हे तुला कळावं म्हणून लिहितो. मी तुला पाठवलेल्या, तुझ्याच झालेल्या पैशांबद्दल मला असं वाटलं. अकरा वर्षं मी जे सांभाळलं ते तू आठवड्याच्या आत एका तान्ह्या बाळाच्या छातीपायी संपवलंस. मग खुर्चीत बसून मला हसू आलं, आणि ते बराच वेळ येत राहिलं, इतका वेळ की मला स्वतःचीच जरा काळजी वाटली.

मग पुन्हा वाचलं. शेवटची ओळ.

उरलं होतं, चिमे. ट्रेडलला दिले, तुला पाठवले, आणि एक पाकीट मागे ठेवलं होतं. "माझ्यापुरतं मी बघेन" म्हणालो ते त्यावरच. त्या पाकिटावर मी लिहिलं होतं, "शेवटचा खर्च". पेटी, खड्डा, माणसं, सगळं त्यात धरलं होतं. मला फार वाटतं की आपल्याला लोकांनी वर्गणी काढून मातीत ठेवू नये. बाबांना तसं ठेवलं होतं. तू लहान होतीस. टोपी फिरली होती, आणि ती माझ्या हातात होती.

तुझं पत्र दोन दिवस टेबलावर होतं. तिसऱ्या दिवशी पाकीट घेऊन पाळकांकडे गेलो. चर्चमध्ये एका कपाटात पत्र्याचा डबा आहे. ज्याचं पुढेमागे कोणी नाही, त्याला पोचवायला त्यातले पैसे काढतात.

पाळक म्हणाले, "काका, गुडघे कसे आहेत?"

"गुडघ्यांना कधीच काही झालं नव्हतं."

त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "मग प्रार्थना फार लवकर लागू पडली म्हणायची." मी त्यांना सगळं सांगितलं आणि पाकीट पुढे केलं. त्यांनी वरची अक्षरं वाचली.

"हे तर तुमचं आहे."

"आता ज्याचा नंबर आधी लागेल त्याचं."

"आणि तुमचाच लागला तर?"

"डब्यात असेल त्यात करा."

"आणि डबा रिकामा असला तर?"

मी म्हटलं, "तुम्ही पाळक आहात की विमावाले?" ते हसले, पण नुसते ओठांनी. मला डबा उघडायला सांगितला. मी उघडला. आत जेमतेम काही होतं. पाकीट आत ठेवलं आणि हात बाहेर काढायला मला वेळ लागला. त्यांनी ते पाहिलं आणि खिडकीकडे बघत उभे राहिले. माणूस चांगला आहे. मी मनात एवढंच म्हणालो, प्रभू, मला मातीत कोण ठेवील ते तुझं तू बघ, मला आता बघायला काही राहिलं नाही. सुंदर शब्द एकही सुचला नाही. बाहेर आलो तेव्हा पाय लटपटत होते, आता खरोखरचे.

कोपऱ्यापर्यंत आल्यावर लक्षात आलं, गाडीभाड्याला पैसे नाहीत. प्रूफांचे येतील ते आठवड्याने. आठवडा थांबलो असतो तर मी पुन्हा विचार केला असता, आणि मी विचार केला की काय होतं ते तुला माहीत आहे. मग एकच दार उरलं. हिंमत करून ते वाजवलं.

ट्रेडलने दार उघडलं. "आता काय आणलंस?"

"काही नाही. मागायला आलोय."

"काय?"

"गाडीभाडं. बहिणीकडे जायचंय. जायचंच दे, यायचं तिकडे बघेन."

त्याने आत वळून बायकोला हाक मारली. "ऐकलंस का? जुळारी मागतोय." ती हात पुसत आली, माझ्याकडे बघितलं आणि साखरेच्या डब्यामागून नोटा काढून दिल्या. जायच्या आणि यायच्याही. ट्रेडल म्हणाला, "रविवारी तुझी जागा धरून ठेवणार नाही मी."

"नको ठेवूस."

"तुझं गीतांचं पुस्तक मात्र इथे देऊन जा. नाहीतर प्रवासात हरवशील. बाकावर राहील ते."

मी त्यातली तुझी दोन चिठोरी काढून घेतली आणि पुस्तक त्याला दिलं.

गुरुवारी दुपारच्या गाडीने निघतो, शुक्रवारी सकाळी तुझ्याकडे. तू कारखान्यात असशील तर जिन्यात बसून राहीन. दोन सदरे आणि प्रूफं वाचायचा चष्मा एवढंच आणतो. किती दिवस राहू द्यायचं ते तू ठरव, उंदरालाही तू विचारून मगच काय ते ठरवणार होतीस. भीतीही बरोबर येते आहे. तिला तिकीट लागत नाही, नाहीतर ट्रेडलकडे दोघांचं मागावं लागलं असतं.

दादा
(म्हणशील तर)